तीन दिशांचा भोंगा

आमच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. दिघाशीच्या बाजूचं, भिवंडीपासून सायकलवर यायचं म्हटलं तर शर्ट पाठीला चिकटेल इतक्या अंतरावरचं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर गावाला वाटेल की ते पुस्तकात येण्याच्या लायकीचं आहे, आणि आधीच त्याचं स्वतःबद्दलचं मत जरुरीपेक्षा चांगलं आहे. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाशी दुसऱ्यांदा झुंजत होतो, त्या काळात या गावाला एक मोठा साक्षात्कार झाला. पंचायतीने अँप्लिफायर, एक माइक आणि तीन भोंगे विकत घेतले. गावात संडास नव्हते, पावसाळ्यात शाळेच्या एका वर्गात बेडूक मुलांच्या आधी हजर असत, पण सूचना मात्र आता विजेवर मिळणार होत्या. भोंगे पंचायतीच्या पत्र्यावर चढवले. एकाचं तोंड सरपंचांच्या आळीकडे, एकाचं देवळाकडे, एकाचं तळ्यापलीकडच्या घरांकडे. चौथी दिशा आमच्या बौद्धवाडीची. तिकडे भोंगा नव्हता. सरपंच बाळारामशेठ म्हणाले, "चवथा पुढच्या ग्रँटमधून घेऊ." ती ग्रँट अजून यायची आहे. वारा आमच्या बाजूचा असला तर आम्हाला गावाची बातमी तुटक तुटक ऐकू येई, नसला तर गावात काही घडलेलंच नसे.

आणि या तीन दिशांच्या भोंग्यात रोज संध्याकाळी बोलणारा माणूस होता मी. चौथ्या दिशेचा.

ही नेमणूक कशी झाली ते सांगतो. माइकपुढे पहिले आठ दिवस स्वतः बाळारामशेठ बसले, पण त्यांना माइक दिसला की घशात खाकरा येई, आणि अख्खं गाव तो खाकरा तीन दिशांनी ऐके. मग शाळेच्या गुरुजींना बसवलं. गुरुजी विहिरीच्या सूचनेतही नागरिकशास्त्र शिकवायला लागले. शेवटी पंचायतीचा शिपाई काशिनाथ आमच्या दारात आला आणि म्हणाला, "दिन्या, तू कालेजात बोलण्याच्या स्पर्धेत कप आणलास ना? शेठ बोलावतात." तो कप उत्तेजनार्थ होता, आणि स्पर्धेत आम्ही चौघंच होतो. पण हे मी काशिनाथला कशाला सांगू?

शेठ म्हणाले, "बोल तू. तुझी वाणी चांगली हाय. पुढं-मागं कारकुनाची जागा निघतेच हाय पंचायतीत. तुझाच विचार करू." त्या 'पुढं-मागं'वर मी दीड वर्ष काढलं. पगार नव्हता, कागद नव्हता. माझ्या डोक्यात मात्र टेबल होतं, खुर्ची होती, शाईचा शिक्का होता आणि शिक्का मारून झाल्यावर त्यावर फुंकर घालणारा मी होतो.

सूचना कसल्या असत? वैशाखात राब भाजताना वाऱ्याकडे लक्ष ठेवा. (राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळायचा, आमच्याकडे दरसाल कुणाचा तरी पेंढा त्यासोबत जाई.) आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बांधावरून भांडू नका. पावसाआधी कौलं चाळून घ्या. भात कापून झालं की ओलीवर वाल पेरले आहेत, गुरं मोकळी सोडू नका. एवढ्या साध्या गोष्टी. पण मी त्या साध्या कशा सांगणार? मी म्हणे, "तमाम ग्रामस्थ बंधू-भगिनींना या ध्वनिक्षेपकाद्वारे विनम्र आवाहन करण्यात येते की, आपापल्या चतुष्पादांना आवर घालण्यात यावा." चतुष्पाद म्हणजे काय हे तळ्यापलीकडे कुणालाच कळलं नाही. गुरांना तर नाहीच. दुसऱ्या दिवशी वाल निम्मे चरून झाले होते. बातम्याही असत: अमक्याच्या म्हशीला रेडकू झालं, तमक्याचा मुलगा दहावीला पहिल्या झटक्यात सुटला, कुणाची कोंबडी चुकली, कुणाच्या सुनेच्या कानातला झुबा तळ्यावर पडला. आणि सगळ्यांच्या आधी, रोज, न चुकता, बाळारामशेठांच्या घरची बातमी. शेठ ठाण्याला गेले. शेठ ठाण्याहून आले. हे दोन्ही मी सारख्याच उत्साहाने सांगत असे.

आता माझ्या मोबाइलवर गावाचा ग्रुप आहे. शेठांचा नातू त्याचा मुख्य. सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी पाणी येणार नसल्याची सूचना, संध्याकाळी त्याचाच वाढदिवस. अँप्लिफायर गेला, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

माझा एक पराक्रम सांगतो, म्हणजे मी कोणत्या दर्जाचा निवेदक होतो ते कळेल. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी विहिरींत पावडर टाकली आणि मला सांगितलं, तासभर पाणी काढू नका म्हणावं. मला तासभर फार किरकोळ वाटलं. सूचनेला वजन पाहिजे. मी भोंग्यातून गंभीर आवाजात जाहीर केलं की पुढील सूचनेपर्यंत विहिरीचे पाणी पिण्यास सक्त मनाई आहे. आणि सायकल काढून भिवंडीला सिनेमा बघायला गेलो. पुढची सूचना देणारा माणूस थिएटरात होता. गावातल्या बायका भर दुपारी हंडे घेऊन शेजारच्या गावाला गेल्या. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा आय ओट्यावर सुक्या जवळ्यातला कचरा निवडत बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "पिक्चरात पाणी दाखवलं का रं चांगलं?" आमच्या वाडीकडे भोंगाच नव्हता, त्यामुळे वाडीने दिवसभर बिनधास्त पाणी प्यायलं होतं. आय पुढे म्हणाली, "बरं हाय, तुजी अक्कल आमच्यापावेतो पोचत न्हाय."

आयची जीभ अशी होती आणि हाताला चव होती, म्हणून आम्ही दोन्ही सहन करत होतो. तांदळाची भाकरी थापताना ती थापटीच्या तालावर बोले, आणि शेवटची थाप नेमकी टोमण्यावर पडे. चुलीत बोंबील भाजत टाकला की वासानेच शेजारच्या घरातलं पोर ताटली घेऊन येई. बाबा निजामपुऱ्यात एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो पान्हा घेऊन चालू करणारे. आठवडाभर त्यांची शिफ्ट असे, कारखान्यातच माळ्यावर झोपत, आणि शुक्रवारी माग बंद म्हणून गुरुवारी रात्री घरी येत. शुक्रवारी घरात मटण नाहीतर खाडीची निवटी मासळी शिजे आणि घराला वेगळाच आवाज येई, कारण बाबा आले की सगळे मोठ्याने बोलत. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेला माणूस. त्यांच्याशी बोलायचं तर आवाज चढवावाच लागे.

भोंग्यात बोलायला लागल्यावर पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला समोर बसवलं. मटणातली नळी फोडत विचारलं, "काय देतात?"

"अजून काही नाही. समाजसेवा आहे, बाबा. पुढे कारकुनाची जागा निघणार आहे."

"कागुद दिला?"

"देतील."

बाबांनी नळी चोखून बाजूला ठेवली. "कागुद मिळाला तर मना दाखव," ते म्हणाले. "आन् कागदाबिगर काय दिलं, तर तेबी मना सांग. घ्यायच्या आधी सांग."

हे ते का म्हणाले ते मला पाठ होतं, ही यातली खरी मौज आहे. माझा आजा गावाची दवंडी देई. डफडं घेऊन आळीआळीतून ओरडायचं, कुणी मेलं की उन्हातान्हात पायी जाऊन पाहुण्यांच्या गावी सांगावा द्यायचा, आणि मळणीला खळ्यावर जाऊन बसायचं. खळ्याचा मालक देईल तेवढं भात पदरात घ्यायचं, तो देईल तेव्हा, तो देईल तसं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वाडीने ठरवलं, हे काम बंद. सगळ्यांत आधी नाही म्हणायला बाबा गेले, तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. गावाने शेतावरची कामं बंद केली, म्हणून ते भिवंडीला गेले आणि मागावर लागले. "मागाला जात नसते," ते म्हणत, "त्याला तेल लागतं. आन् दर गुरवारी पगार हातात." ही गोष्ट मी कॉलेजच्या त्या स्पर्धेत हातवारे करून सांगितली होती. उत्तेजनार्थ कप त्याच भाषणाला मिळाला होता. आणि तो कप बघूनच शेठने मला दवंडीला बसवलं होतं. आता लिहिताना हे इतकं सरळ दिसतं की वाचणाऱ्याला मी मुद्दाम बावळटपणा रचतोय असं वाटेल. पण तेव्हा माझ्यापुढे माइक होता, त्याला लाल रुमाल बांधलेला होता, आणि डफडं कुठेही दिसत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी झोडणी झाली. शेठांच्या खळ्यावर भाताची रास पडली, पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहिल्या. काशिनाथ मला म्हणाला, "शेठ बोलले, शुक्रवारी खळ्यावर ये. गोण घेऊन ये. तुजं काय ते देऊन टाकू."

मी हवेत. जागा निघेपर्यंतचं मानधन! शेठांना शेवटी माझी किंमत कळली. आयला सांगितलं. तिने कोपऱ्यातला तांदळाचा डबा रिकामा करून, पुसून, उन्हात ठेवला. नवं भात घरात येणार म्हटल्यावर तिच्या जिभेनेही तेवढ्यापुरती सुट्टी घेतली. बाबांना घ्यायच्या आधी सांगायचं होतं, हे मला शुक्रवारी सकाळी आठवलं. पण तोवर ते भिवंडीच्या बाजारात मटण आणायला गेले होते. मी मनाशी म्हटलं, आधी घेऊन येतो, मग गोणीसकट सांगतो. गोण बघितल्यावर माणूस मऊ होतो. टेरिकॉटचा शर्ट घातला, भांग पाडला आणि खळ्यावर निघालो.

खळ्यावर शेठ खाटेवर बसले होते. राशीच्या कडेला गावचा न्हावी, सुतार आणि लोहार आपापली पोती घेऊन उकिडवे बसलेले. मी उभाच. उभं राहण्यात माझा कारकुनीचा रुबाब होता. न्हावी म्हातारा होता, त्याला सगळे नाना म्हणत. त्याने पोतं जरा सरकवलं आणि म्हणाला, "ये दिनू, बस. तुजी जागा हितंच. तुजा आजा हितंच बसायचा, माज्या बापाच्या बगलंला."

शहाण्या माणसाने तिथून पळ काढला असता. मला मात्र भरून आलं. गाव माझ्या आजाची आठवण ठेवतं! मी नानाच्या बगलेला उकिडवा बसलो, आणि टेरिकॉटची पँट गुडघ्यावर ताणली गेली तेवढीच काय ती मला अडचण वाटली. शेठच्या गड्याने सूप भरलं, नानाच्या पोत्यात ओतलं, सुताराच्या ओतलं, लोहाराच्या ओतलं, मग माझ्या. शेठ खाटेवरून म्हणाले, "त्याला अजून एक घाल. बोलतो ग्वाड." गडी हसला. मीही हसलो. माझं हसणं सगळ्यांत लांबलं, आणि ते चालू असतानाच मागे सायकलचा ब्रेक किंचाळला.

बाबा. हँडलला मटणाची पिशवी, एक पाय जमिनीवर. बाजारातून येताना रस्ता खळ्यावरूनच होता, हे मी रोज जाणारा माणूस विसरलो होतो. त्यांनी आधी नानाकडे बघितलं, मग सुताराकडे, लोहाराकडे, आणि मग रांगेतल्या शेवटच्या उकिडव्याकडे.

"दिन्या. गोण उचल."

मला वाटलं, घरी न्यायला सांगतायत. मी मोठ्या हौसेने गोण खांद्यावर मारली.

"वत."

"कुठे?"

"जिथनं आली तिथं."

मागांमुळे कान गेलेल्या बाबांचं हळू म्हणजे दुसऱ्यांचं ओरडणं. ते माझ्या कानाशी येऊन कुजबुजले होते, आणि तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका धोपाटणं हातात धरून थांबल्या. मी गोण राशीवर ओतायला गेलो. तीसुद्धा मला धड ओतता आली नाही. तोंड सुटलं, निम्मं भात राशीवर, थोडं माझ्या शर्टात, पँटच्या दुमडीत, आणि उरलेलं नानाच्या मांडीवर. नाना म्हणाला, "आरं, माजं झालं घेऊन, मना कशाला पुन्हा?"

शेठ खाटेवरून उठले. "अंतू, काय हे? पोरानं दीड वरीस काम केलंय. हक्काचं हाय त्याच्या."

"हक्काचं हाय तर कागुद द्या, शेठ. पंचायतीचा. खळ्यावर सुपानं घालतात तो हक्क न्हवं."

"भात घेतलं म्हनून हात झडतात काय कुनाचे? आमच्या घरचं भात वंगाळ हाय?"

"भात झ्याक हाय," बाबा म्हणाले. "एक काम करा. उद्यापासून तुमी बोला भोंग्यात. रोज. माज्याकडं शेती न्हाय, पन रेशनचा तांदूळ हाय. साल भरलं की माज्या वट्यावर या, पोतं घेऊन. बसा हितं नाना बसलाय तसे. सूपभर घालीन. ग्वाड बोललात तर दोन."

पहिला हसला तो नाना. म्हातारा इतका हसला की त्याच्या मांडीवरचं भात खाली सांडलं. मग लोहार. सुताराने तोंड पोत्याकडे फिरवलं, पण त्याची पाठ हलत होती. शेठचा गडी सूप हातात धरून, आता कुणाच्या बाजूचं हसू आणावं या पेचात उभा. शेठांना खाकरा आला, तोच, माइकपुढचा.

घरी येताना बाबा सायकल हातात धरून चालत होते, मी मागून. दर पावलाला माझ्या पँटच्या दुमडीतून दाणे गळत होते. बाबांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "झाडून टाक." मी भर रस्त्यात उभा राहून, एका पायावर, गावच्या भाताचा शेवटचा दाणा झाडला. मला वाटलं आता बोलणी बसतील. पण ते म्हणाले, "चार मान्सांत म्या आवाज न्हाय चढवला. हळूच बोललो. तुजी इज्जत ठेवली."

"हो, बाबा," मी म्हटलं. तळ्यावरच्या बायका अजून आमच्याकडेच बघत होत्या.

आयने डबा उन्हातून आत आणून ठेवला होता. तिने माझा रिकामा हात बघितला, बाबांचं तोंड बघितलं, आणि डब्यात जुने रेशनचे तांदूळ पुन्हा ओतले. ओतताना एवढंच म्हणाली, "ह्यात किडं हायत, पन आपलं हायत." मग पाट्यावर वाटण घेतलं. बाबांनी खळ्यावरचं बोलणं तिला सांगितलं, आणि आम्ही मटण खाल्लं. मला वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही. चांगल्या चार भाकऱ्या उतरल्या. मान गेल्यावर भूक मरते असं लोक म्हणतात, माझी मात्र वाढली.

दिवस कलायला लागला तसा काशिनाथ दारात. "दिन्या, चल. वालाची सूचना द्यायचीय, गुरं सुटलीत. शेठ बोलले, दुपारचं मनात ठेवू नको."

बाबा ओट्यावर विडी ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही. आयची पाट्यावर पाणी मारणारी मूठ थांबली. मला अजून ते टेबल दिसत होतं, खुर्ची दिसत होती. नाही म्हटलं की ती गेली. आणि होय म्हणायलाही जीभ चुळबुळत होती. रोज संध्याकाळी आपला आवाज तीन दिशांना गेलेला ऐकायची चटक काही साधी नसते. हो, मी जवळजवळ उठलोच होतो.

"ऑर्डर आणलीस?" मी बसल्या बसल्या विचारलं.

"कसली आर्डर?"

"माझ्या नावाची. कारकून म्हणून. शिक्क्याची."

काशिनाथ हसायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की ओट्यावर दुसरं कुणी हसत नाहीये. "मग शेठना काय सांगू?"

"सांग, कागद आला की बोलीन."

तो गेला. कागद आला नाही. कारकुनाच्या जागेवर पुढे शेठांचा मेहुणा बसला, आणि मी बी.ए.चं पहिलं वर्ष तिसऱ्यांदा बसून पार केलं, निजामपुऱ्यात बाबांच्याच कारखान्यात दिवसपाळी करून. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो आणि वारा आमच्या बाजूचा होता. पंचायतीकडून आधी खरखर आली. मग फू, फू. मग एक लांबलचक खाकरा, आणि त्यामागून शेठांचा आवाज: "चालू झाला का रं, काश्या? ... हां. ऐका. गुरं. आपआपली... आरं हे लाल बटन कसलं?" आणि भोंगा बंद.

बाबांनी कान दिला. "कोन बोलतंय?"

"शेठ," मी ओरडून सांगितलं.

आयने ओले हात पदराला पुसले. तिचा चेहरा अगदी गंभीर होता. "सूपभर काढून ठिवू का मग?" तिने विचारलं. "आपनच बोललाव, द्यायला पायजे."

बाबांनी विडी ओट्याच्या कडेवर विझवली.

"थांब," ते म्हणाले. "आधी पुरतं बोलू दे त्याला. अर्ध्या कामाचं काय द्यायचं?"